सीमा दाखवा, पण ती कधीची हेही लिहा

भाऊ, सीमेवरच्या समुद्री म्युझियमनं दोन्हीकडची गोष्ट सांगावी असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट नीट वाचली. गडचिरोलीत बसून समुद्राच्या म्युझियमवर कायले लिहिता, आन् सीमेवरच्या म्युझियमनं आपल्याच देशाची बाजू मांडावी, पलीकडच्यांची कशाला, असं तुमचं म्हणणं.

पहिल्याचं सांगतो, आमचा जिल्हाच सीमेवरचा. सिरोंच्याच्या पलीकडे, प्राणहिता-गोदावरीच्या संगमावर तेलंगणातलं कालेश्वर, बाजारात मराठी-तेलुगू एका दमात चालते, सोयरिकी दोन्हीकडे, 2022 ला प्राणहिता पुष्कर, म्हणजे बारा वर्षांनी येणारा नदीचा मेळा, भरला तेव्हा तर दोन्ही काठ माणसांनी भरले होते. त्यामुळे हा विषय मले लांबचा वाटतच नाही.

दुसरा मुद्दा मात्र अजिबात पटत नाही. फ्लेन्सबुर्गचं जहाज-म्युझियम घ्या, जुन्या कस्टमच्या गोदामात आहे ते. गाव आज जर्मनीत, पण 1864 च्या युद्धापर्यंत डेन्मार्कच्या राजाकडं होतं, तिथल्या व्यापाऱ्यांची जहाजं डॅनिश झेंडा लावून कॅरिबियनमधल्या डॅनिश बेटांवर जायची आन् साखर, कच्ची रम घेऊन यायची. सीमा सरकली तशी ती बेटं परक्या देशाची झाली, मग रम इंग्रजांच्या जमैकातून यायला लागली. पिंपातला मालच बदलला ना बावा! पुढं 1920 ला कोणत्या देशात राहायचं यावर मतदान झालं, उत्तरेचा भाग डेन्मार्कला गेला, हे गाव जर्मनीत राहिलं, आन् डॅनिश बोलणारे लोक, त्यांच्या शाळा आजही तिथं आहेत. आता यात "आपल्या देशाची बाजू" कोणती धरायची? आन् ज्या गुलामांनी उसाच्या मळ्यात हाडं झिजवली ते तर दोन्ही देशांच्या गोष्टीतून गायब होते. 2017 ला त्या म्युझियमनं याच रमच्या व्यापारावर प्रदर्शन केलं आन् ते मांडायला जमैकाच्या अभ्यासक इमानी तफारी-अमा यांना बोलावलं. मले हे फार मोठं काम वाटते, कारण नकाशावर दोन रंग भरले की काम संपलं असं त्यांनी मानलं नाही.

सीमा पुसा असं मी कुठंच लिहिलं नाही. उद्या भारत-श्रीलंकेच्या मधल्या कच्चतीवू बेटावर म्युझियमात दालन केलं तर 1974 चा करार लावा, बेट श्रीलंकेकडं गेलं हे लिहा, आपल्या मच्छीमारांना पकडून नेतात तेही ठळक लिहा. पण तिथल्या संत अंतोनीच्या चर्चच्या यात्रेला दोन्हीकडचे तमिळ मच्छीमार एकत्र येतात, तेही त्याच भिंतीवर पाहिजे. यातलं काय काढायचं ते तुम्हीच सांगा भाऊ, मी वाचतो.