झुरळ निघालं म्हणून घरच्या बाईला बोल लावू नका

पाहुण्यांसमोर ओट्यावरून झुरळ पळालं की सगळ्यांची नजर घरच्या बाईकडे वळते. नाहीतर कामवाल्या मावशींवर खापर फुटतं. मला या नजरेचा खरंच संताप येतो, कारण त्या लाजेपायीच लोक झुरळं लपवतात, गुपचूप स्प्रे मारतात आणि पूर्ण बिल्डिंगला त्रास होतो.

आपल्याकडे मुख्यतः दोन जातींची झुरळं दिसतात. मोरीच्या जाळीतून वर येतं ते मोठं, तांबूस, दीड इंची. नाव अमेरिकन, पण मूळचं आफ्रिकेतलं. जहाजांतून जगभर गेलं. ते ड्रेनेजमध्ये वाढतं, त्यामुळे तुमचा ओटा कितीही लखलखीत असला तरी ते येणारच. ट्रॉल्यांमध्ये, मिक्सरखाली, फ्रीजच्या दाराच्या रबरात लपतं ते छोटं, फिकट तपकिरी. डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तेही सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एशियन झुरळापासून वेगळं झालं. आता ते माणसाच्या आसऱ्यानेच जगतं, आणि बहुतेक वेळा किराण्याच्या खोक्यातून किंवा जुन्या फ्रीजबरोबर घरात शिरतं.

ट्रॉलीच्या बिजागरीवर टॉर्च मारून बघा. मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतील. ती त्यांची विष्ठा, आणि तिच्या वासाने बाकीची झुरळं तिथेच गोळा होतात. एखादी मादी पोटाच्या टोकाला चपटी तपकिरी कुपी घेऊन फिरताना दिसेल. त्यात तीस-चाळीस अंडी असतात. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला येईपर्यंत ती कुपी टाकत नाही. कुपीच्या कवचामुळे आतल्या अंड्यांपर्यंत औषध फारसं पोचत नाही. पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार.

म्हणून स्प्रेवर माझा मुळीच भरवसा नाही. समोरची चार मरतात, उरलेली पाइपच्या भोकातून शेजारी जातात, आणि नेहमीच्या औषधांना ही जात केव्हाच सरावली आहे. जेल, म्हणजे कोपऱ्यांत लावायचं विष घातलेलं आमिष, चांगलं. ते खाऊन मेलेल्याची विष्ठा आणि मढं पिल्लं खातात, विष पुढे पोचतं. पण झुरळं त्यातूनही वाट काढतात: अमेरिकेत काही झुरळांनी ग्लुकोज घातलेलं आमिष खाणंच सोडलं. त्यांना ग्लुकोज कडू लागतं, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तेव्हा जेलही अधूनमधून बदलावं लागतं. आणि रात्री सिंक कोरडं ठेवायचं, कारण अन्नाशिवाय ती बरेच दिवस तगतात, पाण्याशिवाय त्या मानाने फार कमी.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने लिहितेय ते मुलांसाठी. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांची धूळ श्वासातून जाते आणि दमा असलेल्या मुलांचा त्रास वाढवते. लाजेपोटी गप्प बसण्याची किंमत ती मुलं मोजतात.

सोसायटीच्या कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एकेका फ्लॅटचं पेस्ट कंट्रोल बंद करा. पूर्ण विंगमध्ये एकाच दिवशी जेल लावून घ्या, डक्टमधली पाइपभोवतीची भोकं सिमेंटने बुजवा, मोऱ्यांना बारीक जाळ्या बसवा. आणि ग्रुपवर कुणी 'आमच्याकडे झुरळं झालीत' असं लिहिलं, तर आधी वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांत विचारा.