अंतर गाडीच्या काट्यावर मोजायचं नसतं

दादा, कोल्हापूर विमानतळाजवळ ड्रोन उडवण्याच्या नियमांवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली. म्हणून दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की लग्नं शूट करणाऱ्या पोरांना मी उगाच भीती घालतोय. राजारामपुरी ते उजळाईवाडीचं विमानतळ गाडीच्या काट्यावर साडेआठ किलोमीटर भरतं, म्हणजे नियमातल्या आठ किलोमीटरच्या बाहेर. आणि तुमचा ड्रोन तर अडीचशे ग्रॅमच्या आतला.

आधी माझी चूक. 'बारा किलोमीटरच्या आत ड्रोन बंद' असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकीचं. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही, जागा लाल झोनमध्ये, म्हणजे उड्डाणबंदीच्या भागात, नसली म्हणजे झालं. त्याच्या वर गेलात की पिवळा झोन, तिथं एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला, विचारायचं. ते वाक्य दुरुस्त केलंय.

पण काट्याचं काय घेऊन बसलात! हे अंतर सरळ रेषेत मोजतात, तेही टर्मिनलच्या दारापासून नाही, विमानतळाच्या हद्दीपासून. तुमची गाडी शाहू नाक्यावरून वळसा घालून जाते, विमान नाही जात. सरळ रेघ ओढली की राजारामपुरी आठच्या बरीच आत येते. ६० मीटरची सूट तिथं लागूच नाही. खरं त्रांगडं रंकाळा तलावाचं. आठची रेघ तिथंच कुठंतरी पडते, त्यामुळे अंदाजावर न जाता डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर नेमकी जागा बघा.

अडीचशे ग्रॅमचं म्हणाल, तर अशा नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच. सायकललाही लायसन्स लागत नाही, म्हणून ती रनवेवर न्यायची का?

'विमानतळानं आमचा धंदा बसवला' हेही पटलं नाही. विमानतळ १९३९ पासून आहे. उलट मार्च २०२१ च्या नियमांत पिवळा झोन ४५ किलोमीटरचा होता. तेवढ्यात पार सांगलीसुद्धा आली असती! ऑगस्टमध्ये तो १२ वर आणला. आता रात्री विमान उतरवायची सोय झालीय, त्यामुळे 'वरातीच्या वेळेला कुठलं आलंय विमान' हा जुना हिशेबही धरू नका.

पन्हाळ्यावरच्या प्री-वेडिंगचं विचारलंय. तो विमानतळाच्या या पट्ट्यात येत नाही. पण गडावर ड्रोन उडवायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी काढावी लागेल. ती आधी काढा, मगच नवरा-नवरीकडून ॲडव्हान्स घ्या.