‘गोड बोलून सूज उतरत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण परखड आणि सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. शासकीय रुग्णालयाच्या औषध-खिडकीमागे अनेक वर्षे काढलेल्या व्यक्तीचा आक्षेप दोन ओळींत निकालात काढणे मला योग्य वाटले नाही. मावशीच्या उपचारांविषयीच्या माझ्या लेखावर आपले म्हणणे असे, की सकाळपासून केसपेपरची रांग लागलेली असताना डॉक्टरांकडून आपुलकीची अपेक्षा ठेवणे ही सुस्थितीतल्यांची चैन आहे, आणि गोड बोलून सूज उतरत नाही.

रांगेविषयीचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. ‘चांगल्या डॉक्टरला रुग्णासाठी वेळ असतोच’ हे माझे वाक्य बेजबाबदार होते. २०१७ साली ६७ देशांतील प्राथमिक उपचारांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात डॉक्टरांच्या एका भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळला; एवढी तफावत काही डॉक्टरांच्या स्वभावातून येत नाही.

सुजेचे मात्र तसे नाही. मावशी पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागेत रोजाने जाते. हृदय कमजोर असल्याने तिला लघवीची गोळी सुरू होती, आणि पायांची सूज हटेना म्हणून एका रुग्णालयात गोळीचा डोस दोनदा वाढवला गेला. नाशिकच्या दुसऱ्या डॉक्टरांनी डोसला हात लावण्याआधी ‘गोळी कधी घेता?’ एवढेच विचारले, आणि ती गप्प झाली तेव्हा तेही थोडा वेळ गप्प राहिले. मग ती खाली बघत बोलली: बागेत बायकांना आडोसा नाही, म्हणून कामाच्या दिवशी ती गोळी घेतच नव्हती. छाटणी-विरळणीच्या हंगामात याचा अर्थ आठवड्यातले सहा दिवस, असा होतो. डॉक्टरांनी डोस पुन्हा पहिल्यावर आणला आणि गोळी दुपारी घरी परतल्यावर घ्यायला सांगितली. सूज पुढच्या काही आठवड्यांत उतरली. याला आपण गोड बोलणे म्हणणार असाल तर माझी हरकत नाही, मी मात्र याला तपासणीच म्हणेन.

आता वेळेविषयी. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू देण्यात आले, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत संपले. पाच मिनिटांहून अधिक बोलणारे केवळ सात निघाले, आणि त्यांनी सांगितलेलेही महत्त्वाचेच होते, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत पडले. बासेलची ओपीडी आणि आपली ओपीडी सारखी नव्हे, हे मीही जाणतो. शंभर रुग्णांना प्रत्येकी ९२ सेकंद धरले तरी अडीच तास होतात, आणि ते कुणालाही फुकट मिळत नाहीत. पण मावशी त्याच सुजेसाठी तीन वेळा रांगेत उभी राहिली, त्या तीन खेपांचा हिशेब आपण कोठे धरणार?

‘चैन’ या शब्दाशी मात्र मी अजिबात सहमत नाही. शिकलेला रुग्ण आपली अडचण स्वतःहून मांडतो, प्रसंगी डॉक्टरांशी वादही घालतो. डॉक्टरांनी थांबून ऐकण्याची गरज मावशीसारख्यांना अधिक असते.

डॉक्टरांसमोर न बोललेले रुग्ण औषधाच्या खिडकीशी येऊन ‘ही गोळी कशाची?’ असे विचारतात, हे आपणच लिहिले आहे. माझ्या लेखात सिस्टर आणि औषध देणारे कुठेच नव्हते, ही चूक मोठी आहे. वेळेविषयीचे ते वाक्य मी आज काढून टाकले आहे. खिडकीवरचे अनुभव आपण लिहून पाठवलेत, तर ते त्या लेखाखाली जोडण्याची माझी इच्छा आहे.