सातवाहनांचं सुवर्णयुग आणि ओस पडलेलं गाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, कमेंट सविस्तर केलीत म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी सातवाहनांच्या सुवर्णयुगाला मुद्दाम नावं ठेवतोय, गौतमीपुत्र सातकर्णी धर्मानेच कर घ्यायचा असं नाशिकच्या लेखात कोरलेलं असताना मी ते उडवून लावलं, आणि त्या काळी लोक व्याजाने पैसे ठेवायचे हे तर मी मनचंच ठोकून दिलंय.

आधी कराचं बघू. ते वाक्य पांडवलेण्यातल्या ३ नंबरच्या लेण्यातलं, गौतमी बलश्रीने पुळुमावीच्या (तिचा नातू, पुढचा राजा) राज्याच्या १९व्या वर्षी कोरवून घेतलेलं. अहो, आई मुलाबद्दल लिहवून घेतेय! त्यात तो पराक्रमात राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा आहे, शक-यवन-पह्लवांचा कर्दनकाळ आहे, मग करवसुलीबद्दल त्यात वाकडा शब्द निघणार होता का? त्याच लेण्यात खुद्द राजाचे दोन हुकूम आहेत, ते वाचा ना. राज्याच्या १८व्या वर्षी, लढाई जिंकलेल्या सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या (नाशिकजवळचं गाव) अमात्याला हुकूम जातो, की कखडी गावातलं आजवर उषवदाताकडे (हा शक क्षत्रप राजा नहपानाचा जावई) असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) शेत भिक्षूंना द्या. सहा वर्षांनी दुसरा हुकूम : ते गाव वसत नाही, शेत कोणी कसत नाही, तर त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या सरकारी शेतातली १०० निवर्तनं द्या. म्हणजे दान दिलं ते ओसाड गावातलं, आणि बदली जमीन मिळाली ती निम्मी. गाव का उठलं ते हुकुमात नाही, मला विचाराल तर लढाईचाच फटका.

आणि खरी गंमत सवलतींत आहे. या शेतात शिपायांनी शिरायचं नाही, कोणी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी लुडबुड करायची नाही. सूट फक्त भिक्षूंच्या जमिनीला, मग शेजारच्या बांधावरच्या साध्या कुणब्याच्या शेतात काय काय चालत असेल ते सांगायला नकोच, त्याची तक्रार दगडावर कोण कोरणार होतं.

आता व्याज. १० नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात जा. हा लेख सातवाहनांचा नाही, त्यांच्या शत्रूचा, म्हणजे उषवदाताचाच, पण गाव तेच गोवर्धन. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले, २००० एका श्रेणीकडे महिना शेकडा १ दराने आणि १००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२, हिशेब चोख जुळतो! वर निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून त्याची नोंदही केलेली. याला फिक्स डिपॉझिट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हेच पैसे राजाच्या खजिन्यात का नाही ठेवले, यावर विचार करा. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नाण्यांचं घबाड सापडलं, तेरा हजारांवर नहपानाची चांदीची नाणी, त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. राजा बदलला की हे असं. आणि जाता जाता, तुमच्या सुवर्णयुगातल्या सातवाहनांनी नाणी पाडली ती शिशाची, तांब्याची, पोटीनची (तांब्याचा एक मिश्रधातू), चांदीची. सोन्याची नाहीत.

व्यापार जोरात होता हे मात्र शंभर टक्के मान्य, पैठणचे अकीक आणि तेरचं कापड गाड्यांनी भडोचला जायचं. पण हे सांगणारा जो पेरिप्लस (ग्रीक भाषेतलं जुनं सागरी व्यापाराचं पुस्तक), तोच पुढे सांगतो की आधी रीतसर बंदर असलेल्या कल्याणवर नंतर इतके निर्बंध आले की चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात बंदर बसलं, तेव्हा कल्याणच्या व्यापाऱ्याला विचारून बघा सुवर्णयुग कसं चाललंय म्हणून.