शेकडा एक

सुधाकरभाऊंचं आमच्या फाट्यावर काही लपून राहत नाही. समृद्धीत चार एकर वावर गेलं, त्या पैशात पोरीचं लग्न झालं, बोअर मारली, उरलेले ४२ लाख एफडीत आहेत, हे शोभावयनीच्या टपरीवर चहा पिणाऱ्या दर माणसाला ठाऊक आहे. म्हणून परवा संध्याकाळी त्यांचा भाचा बंटी नागपूरच्या कुठल्याशा मेळाव्यातून आणलेली चकचकीत फाईल घेऊन बाकड्यावर मधोमध बसला, तेव्हा विषय काढायची गरजच पडली नाही.

"मामा, शुक्रवारपावतर टोकन भरा. नाही तं युनिट जाते."

"युनिट म्हंजे?" रफिकभाईनं विचारलं.

"फ्लॅट."

"मंग फ्लॅट म्हण ना बे."

बंटीचं बोलणं असंच. दोन वर्षं विमा विकला, मग सोलर पंपाची एजन्सी, आता दुबई. टोकदार बूट घालून तो धुऱ्यावरूनही चालतो. "पॅसिव्ह इन्कम हाय मामी," तो शोभावयनीला म्हणाला, "झोपेत पैसे येते."

वयनीनं चहा वरून खाली ओतला. "झोपेत आमच्या वावरात रानडुक्कर येते. दुसरं काही आलेलं म्या पाह्यलं नाही."

फाईलमध्ये जे होतं ते असं. दुबईत एका खोलीचा फ्लॅट, इमारत २०२८ ला पुरी होणार, किंमत ५ लाख ८० हजार दिरहम. वीस टक्के आत्ता, बाकी महिन्याला एक टक्का, ऐंशी महिने. वर्षाचं भाडं ४२ हजार दिरहम येईल असं रंगीत अक्षरात लिहिलेलं. निळं पाणी, पाण्याकाठी खुर्ची, खुर्चीवर कोणीच नाही.

"अन् शेकडा एकच तं मांगून रायले ते," सुधाकरभाऊ म्हणाले. "आपल्याकडं सावकार तीन घेते."

हे ऐकून माझ्या पोटात खड्डाच पडला. आमच्याकडे शेकडा म्हटलं की व्याज. शंभराला महिन्याचा एक रुपया म्हणजे स्वस्तच. आयुष्यभर सावकाराशी आणि सोसायटीशी व्यवहार केलेल्या माणसाच्या कानाला एक टक्का हा आकडा गोडच लागणार. फाईल करणाऱ्यानं तो शब्द कोणासाठी वापरला मला माहीत नाही, पण सुधाकरभाऊंच्या डोक्यात तो चुकीच्या खणात जाऊन बसला होता.

शोभावयनीच्या ते लगेच ध्यानात आलं. बचत गटाची वही बारा वर्षं तिच्याकडे आहे. तिनं हात पुसले, उधारीची वही उलटी करून मागचं कोरं पान काढलं अन् बंटीला विचारलं, "दिरहम किती रुपयाचा?"

"सोप्या हिशोबाले तेवीस धरा."

ती लिहीत गेली, आम्ही वाकून पाहत होतो. पाच लाख ऐंशी हजाराचा एक टक्का अठ्ठावन्नशे दिरहम. गुणिले तेवीस. तिनं आकड्याखाली दोन रेघा मारल्या: १,३३,४००.

"भाऊ, हे व्याज नाही. हा हप्ता हाय. दर महिन्याले एक लाख तेहत्तीस हजार चारशे. ऐंशी महिने."

सुधाकरभाऊंनी खर्ऱ्याची पुडी सोडता सोडता तशीच हातात धरून ठेवली.

"वीस टक्के म्हंजे सव्वीस लाख अडुसष्ट हजार आत्ताच गेले," वयनी थांबली नाही. "अजून काय लागते रे बंटी?"

"रजिस्ट्रेशन. चार टक्के. ते तं सगळीकडेच लागते."

"पाच लाख तेहत्तीस हजार सहाशे. आता उरले दहाच्या आत."

इथं दादाराव सेक्रेटरी जागे झाले. सोसायटीत पस्तीस वर्षं गटसचिव होते, तोंडात खर्रा असला की बोलत नाहीत. खर्रा थुंकून आले. "टीसीएस पकडला का? बाहेरदेशी पैसा धाडला का दहा लाखाच्या वरच्या रकमेवर वीस टक्के कर बँक आंधी कापून ठेवते. २०२५ च्या एप्रिलपासून दहाची लिमिट, त्याच्या आंधी सात होती. बत्तीस लाख धाडले तं बावीसवर चार लाख चाळीस हजार."

"ते परत भेटते!" बंटी ओरडला.

"भेटते. रिटर्न भरल्यावर. तोवर हप्ते कोण भरन?"

वयनीनं वजाबाकी केली. साडेपाच लाख. चार हप्ते.

"चौघांच्या खात्यातून दहा-दहा धाडू," बंटी म्हणाला. "एका माणसाले वर्षाचे अडीच लाख डॉलर धाडता येते, रिझर्व्ह बँकेचंच हाय हे."

"धाड ना. मंग फ्लॅटच्या कागदावर चौघांचे नावं टाकावं लागते. जो मालक नाही त्याची लिमिट घराच्या खरेदीत जोडता येत नाही. तुहंही नाव लागन का त्यात?" दादारावांनी विचारलं. बंटी फाईलमधले कागद सारखे करू लागला.

मला बंटीवर सगळाच राग काढायचा नाही, कारण मग तो जे बोलला त्याला दम होता. "वावरात काय उरते ते सांगा ना मले. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, बाजारात चार हजारानं मांगत होते. मामानं वावर ठोक्यानं देल्लं, ठोकेवाल्यानं पैसे नाही देल्ले. नागपुरात फ्लॅट घ्या तं दोन-तीन टक्के भाडं सुटते. २००८ ले डॉलर चाळीसच्या जवळ होता, दिरहम अकराचा. दिरहम डॉलरले बांधेल हाय, १९९७ पासून एकच भाव. जो तेव्हा घेऊन बसला त्याचा पैसा नुसत्या रुपयातच दुप्पट झाला का नाही?"

झाला. कोणीच नाही म्हटलं नाही.

"पण बेटा, त्याचा फ्लॅट फेडून झाला होता," वयनी म्हणाली. "रुपया पडला का फेडून झालेल्याचं भाडं वाढते अन् फेडणाऱ्याचा हप्ता वाढते. तुह्या मामाचं आंधी काय वाढन?"

रफिकभाई २००६ ते २००९ दुबईत शटरिंगच्या कामावर होता. तो म्हणाला, "दुबई खोटी नाही. कागदपत्र पक्कं रायते, रस्त्यावर कचरा दिसत नाही. पण म्या अठराव्या माळ्यावर सळया बांधल्या अन् एका आठवड्यात क्रेन बंद. भाव अर्ध्यावर आले. ठेकेदारानं आमाले मुंबईचं तिकीट देल्लं, त्या सळया तशाच राह्यल्या."

"आता एस्क्रो हाय. २००७ चा कायदा हाय, लोकायचा पैसा वेगळ्या खात्यात रायते."

"कायदा २००७ चा, अन् मी सळ्या पाह्यल्या २००९ ले."

कर्जाकडे गाडी वळली तेव्हा खरं बिनसलं. बंटी म्हणे, मग लोन काढू. दादाराव म्हणाले, बाहेर मालमत्ता घेण्यासाठी पैसा धाडायला इथली बँक कर्ज देऊ शकत नाही, मनाई आहे. तिथली बँक पगाराचा पुरावा मागणार, आणि सुधाकरभाऊंकडे पुरावा म्हणजे अडत्याची पट्टी. यावर बंटी हळूच बोलला, "घर तारण ठेवायचं. कारण दुसरं लिहायचं. पाच एकर उरलंच हाय."

दादाराव उभे राहिले. "खोटं कारण लिहून काढलेलं कर्ज म्या पस्तीस वर्षं वसूल होताना पाह्यलं. कर्ज इकडचं, भाडं तिकडचं, अन् तारण सात-बारा?"

"तुमी बोलू नका सेक्रेटरी!" सुधाकरभाऊ एकदम भडकले. "२००८ च्या माफीत पाच एकराची अट होती. माहं नऊ होतं. कोरडवाहू नऊ एकराले काय पिकते? शेजारच्याचं ओलिताचं चार, तो सुटला. यादी कोणं वाचली चावडीत?"

"अट म्या नव्हती घातली, सुधाकर."

"वाचली तं तुमीच. आता समृद्धीनं मले बरोब्बर पाचावर आणून ठेवलं."

थोडा वेळ फक्त स्टोव्हचा आवाज होता. सतरा वर्षं झाली त्या यादीला, दोघं रोज एका बाकड्यावर बसतात आणि तरी ती दोघांच्या मधात बसलेली असते. मला वाटतं, सुधाकरभाऊंना दुबई नकोच आहे. त्यांना एकदा तरी कोणत्या तरी यादीत आपलं नाव पाहिजे आहे.

बंटीनं संधी साधली. "इंग्रजानं काय केलं? इथं शकुंतला रेल्वे टाकली, देश सोडून गेला, १९५१ मधी साऱ्या रेल्वे सरकारजमा झाल्या तं हीच सुटली, अन् कंपनी वर्षानुवर्षं आपल्या सरकारकून पैसे घेत राह्यली. आपुन काहून नाही घ्यायचे?"

"अन् शकुंतलेचं काय झालं?" वयनी म्हणाली. "मालक तिकडं, रूळ इकडं. बाभळी उगल्या रुळाईत. तुह्या मामाच्या त्या खोलीचा नळ गळला तं प्लंबर इथून धाडतो का?"

मग दादारावांनी शांतपणे एक गोष्ट सांगितली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. बाहेरदेशी घर असलं की उत्पन्न कितीही कमी असो, दरवर्षी रिटर्न भरावंच लागतं, त्यात ते घर आणि त्याचं भाडं दाखवावं लागतं. राहून गेलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात दहा लाखांचा दंड होऊ शकतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून जन्मात रिटर्न न भरलेला माणूस नुसत्या विसरण्यापायी दहा लाखाला बुडू शकतो.

"हे फाईलमधी हाय का?" सुधाकरभाऊंनी भाच्याला विचारलं.

नव्हतं.

"आमच्या यायनं ईमू आणले, तवाही अशीच फाईल होती," वयनी म्हणाली. "चकचकीत. वीस पक्षी. अंडे कंपनीच इकत घेईन म्हणे. कंपनी गेली, पक्षी राह्यले."

"एकोणीस राह्यले," रफिकभाई म्हणाला. "एक शकुंतलेच्या रुळानं दारव्ह्याकडं पळाला."

"अन् त्याच्या मांगं सेक्रेटरी, लुनावर!" सुधाकरभाऊ म्हणाले आणि स्वतःच आधी हसले. दादाराव म्हणे लुना नव्हती, एम-एटी होती, आणि पक्षी त्यांनी धरलाच होता, पण त्यानं धोतराला लाथ घातली. धोतर कुठं सुटलं यावर दोन मतं निघाली. बंटीच्या नाकातून चहा आला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो सर, मामांसोबतच हाय," म्हणत तो निंबाखाली गेला. वयनीनं वहीतलं पान फाडून सुधाकरभाऊंच्या हातात दिलं. त्यांनी ते दुमडून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुन्हा दादारावांकडे वळले, "एम-एटी कायची सेक्रेटरी, एम-एटी तं तुमी बारा सालात घेतली, पाटलाच्या पोराकून."