दाराशी फळा टांगू इच्छिणाऱ्यांस

आपल्या घराच्या दाराशी काळा फळा टांगावा आणि दररोज सकाळी त्यावर राज्याच्या व देशाच्या कारभाराविषयी स्वतःचे मत लिहावे, अशी इच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. सामान्यतः ही इच्छा निवृत्तीनंतर होते. मला ती १९९५ सालीच, बँकेत कारकून असताना झाली, आणि तेव्हापासून सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या वाड्याच्या दाराशी राजकारणाची जी अखंड सेवा माझ्या हातून घडत आली आहे, तिचा लाभ राजकारण वगळता अनेकांना झाला. विशेषतः हरभट रोडवरील एका खडू विकणाऱ्या दुकानदारास. त्या अनुभवाच्या आधारे आपल्याला काही सूचना करण्याचे धाडस करतो.

सर्वप्रथम निःपक्षपाती राहण्याचा निश्चय करावा. निःपक्षपातीपणाचा गुण असा, की आपण ज्याच्यावर टीका करू त्याच्या विरोधकाचे आपण माणूस ठरतो, आणि टीका सर्वांवर केली की आपोआप सर्वांचे माणूस होता येते. आमच्या गल्लीच्या मते मी आजवर काँग्रेसचा, दोन्ही शिवसेनांचा, भाजपचा, दोन्ही राष्ट्रवादींचा आणि एका पावसाळ्यात शेतकरी संघटनेचा होतो. लोकप्रतिनिधींना एवढ्यासाठी सुरत आणि गुवाहाटीपर्यंत प्रवास करावा लागला. मला उंबरठाही ओलांडावा लागला नाही.

शिवाय त्यांच्यावर कायद्याचे बंधन असते, हे विसरू नये. १९८५ साली संविधानाला पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची जोडली गेली, तेव्हा एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती ‘फूट’ समजून त्यांना अभय मिळत असे. २००३ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली आणि आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश सदस्य जमवावे लागतात. फळेवाल्याची अडचण याहून पुष्कळच कमी आहे. तो एकटाच असल्यामुळे त्याचे मत फिरते तेव्हा ते शंभर टक्के फिरते, आणि म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते पक्षांतर नसून निर्दोष विलीनीकरण असते.

भाकिते निःशंकपणे करावीत. मार्च १९९५ मध्ये विधानसभेवर ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या टेकूवर युतीचे सरकार उभे राहिले, तेव्हा हे सरकार दिवाळी पाहणार नाही असे मी ठळक अक्षरांत लिहिले होते. त्या सरकारने साडेचार वर्षांत चार दिवाळ्या पाहिल्या. जून १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या परदेशी मुळाच्या मुद्द्यावरून राष्ट्रवादी काँग्रेसचा जन्म झाला, त्या दिवशी ‘आता ही दोन घरे एकमेकांचे पाणीही पिणार नाहीत’ असे मी लिहिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती दोन्ही घरे एकाच मंत्रिमंडळात पाणी पीत बसली. अशा प्रसंगी खचून जाऊ नये. ओला बोळा घ्यावा, फळा पुसावा आणि ‘हे होणारच होते’ असे लिहावे. माझ्या अनुभवाप्रमाणे फळ्यावरील सर्वांत लोकप्रिय वाक्य हेच आहे, कारण ते वाचणाऱ्या प्रत्येकालाही तसेच वाटत असते.

वेगाची मात्र सवय ठेवावी लागते. २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री मी उद्धव ठाकरे यांचे अभिनंदन लिहून शांतपणे झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रांत तेच मुख्यमंत्री होणार होते आणि दूरचित्रवाणीवर देवेंद्र फडणवीस शपथ घेऊन मोकळे झाले होते, आणि मी एका हातात पेपर व दुसऱ्या हातात बोळा घेऊन दारात उभा होतो. मी नवे अभिनंदन लिहिले. सुमारे ऐंशी तासांनी ते सरकारही गेले, तेव्हा पुसलेल्या अभिनंदनाची पुसट अक्षरे अजून फळ्यावर दिसत होती, आणि मी तीच पुन्हा गिरवली. खडूची एवढी बचत त्यापूर्वी कधी झाली नव्हती.

शब्दांच्या बाबतीत काटकसर करावी. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडल्यापासून सांगलीत ‘खंजीर’ या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. तो नुसता लिहिला तरी चौकातले म्हातारे माना डोलावतात. मी तो २०१९, २०२२ आणि २०२३ या साली वापरला. खंजीर तोच होता, पाठ तेवढी निराळी होती, आणि २०२३ मध्ये ती कोणाची होती हे लिहिण्याची गरज या गावात पडली नाही.

आता स्थानिक प्रश्नांविषयी. आमच्या दारासमोरील गटार तुंबते. त्यावर मी तीन वर्षे, आठवड्यातून किमान एकदा, निर्भीडपणे लिहीत होतो. मग एके दिवशी संबंधित नगरसेवक (नाव सांगत नाही, आडनाव सांगितले तरी निम्मा वॉर्ड संशयात येईल) चार कार्यकर्ते आणि छायाचित्रकार घेऊन आले, त्यांनी ‘परखड जनजागृती’बद्दल मला शाल आणि श्रीफळ दिले आणि आमच्या घरी चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून माझे लक्ष आंतरराष्ट्रीय राजकारणाकडे वळले. युक्रेनविषयीची माझी मते त्या काळातील आहेत. पुढे त्याच नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फळ्याच्या बरोबर पुढे लागला आणि पंधरा दिवस फळा दिसेनासा झाला. हा अभिव्यक्तीचा संकोच होता, यात शंका नाही. परंतु खालच्या शुभेच्छुकांच्या रांगेत माझेही छायाचित्र असल्यामुळे त्याविरुद्ध काही लिहिणे प्रशस्त दिसले नसते. गटार अजून तुंबते.

वाचक कोण असतील, याची फार चिंता करू नये. तीस वर्षांत माझा एकच वाचक एकनिष्ठ राहिला: पलीकडच्या वाड्यातील निवृत्त गुरुजी. ते रोज सकाळी मंडईला जाताना थांबत, खिशातून स्वतःचा लाल खडू काढत, माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आणि आशयाविषयी चकार शब्द न काढता पुढे जात. एका निवडणुकीत मी रागाच्या भरात संपूर्ण व्यवस्थेलाच धिक्कारले होते, तेव्हा त्यांनी ‘धिक्कार’ला गोल करून बाजूला ‘बरोबर’ असे लिहिले. ते शुद्धलेखनाबद्दल होते, हे मला दोन दिवसांनी कळले.

येथपर्यंतच्या सूचना आपण पाळल्या नाहीत तरी चालेल, पण पुढची एक मात्र पाळावी. फळ्यावर लिहिलेले कधीही वहीत उतरवून ठेवू नये. मी ठेवले. कापडी बांधणीच्या लांबट वह्यांत, तारीखवार, बँकेच्या अक्षरात. माझी कल्पना अशी होती, की पुढाऱ्यांनी कधी काय म्हटले आणि कधी काय केले याचा पुरावा गावात कोणाकडे तरी असावा. पुरावा उत्तम साठला. फक्त आरोपी अनपेक्षित निघाला. २०२४ मध्ये आघाडीच्या वाटपात सांगलीची जागा शिवसेनेकडे गेली आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले, त्या दिवशी मी ‘अपक्ष म्हणजे मतदारांचा स्वाभिमान’ असे लिहिले आणि ते उतरवताना सहज १९९५ ची वही काढली. तीत ‘अपक्ष म्हणजे बाजारात मांडलेले मत’ असे होते. वळण तेच, शाई तीच, खाली रेघ मारण्याची ढबही तीच. मधल्या काळात अपक्ष बदलले असतील असे समजून मी आणखी पाने उलटली, तेव्हा आढळले की टोलविषयी, शेतकऱ्यांच्या कर्जमाफीविषयी, अगदी निवडणुकीच्या यंत्राविषयीसुद्धा माझी मते कोण सत्तेवर आहे ते पाहून उठली-बसली आहेत, आणि प्रत्येक मताखाली मी ‘तत्त्वाचा प्रश्न’ असे शेरा मारल्यासारखे लिहिले आहे.

या वह्या नष्ट करण्याची एक चांगली संधी माझ्याकडे चालून आली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावर पाणी शिरत असताना गाद्या, धान्य आणि शिलाई यंत्र खाली ठेवून मी वह्यांचे गठ्ठे माडीवर नेले, याबद्दल सौभाग्यवतींनी व्यक्त केलेली मते मी कोठेही उतरवून ठेवलेली नाहीत, तरी ती मला तारीखवार पाठ आहेत. पाणी ओसरल्यावर फळा जागेवरच होता आणि त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिखलाची सरळ रेघ होती. मी ती आठवडाभर पुसली नाही. लोक थांबून ती पाहत, हाताने उंची मोजत आणि आपापल्या घरातले पाणी कोठवर होते ते सांगत. इतका वाचकवर्ग त्या फळ्याला कधी मिळाला नव्हता आणि कोणी आक्षेपही घेतला नाही. नंतर मी रेघ पुसली आणि अलमट्टी धरणाच्या फुगवट्याविषयी तीन महिने अभियांत्रिकी स्वरूपाचे विवेचन केले.

एवढे वाचूनही आपला निश्चय कायम असेल, तर फळा लाकडी घ्यावा, आणि तो रस्त्यावरून वाचता येईल पण शेजाऱ्यांच्या स्कूटरचा आरसा लागणार नाही अशा उंचीवर टांगावा. पावसाळ्यात खडू सादळतो आणि अक्षर उमटत नाही, म्हणून तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावा. मात्र डब्यात किती खडू ठेवले ते मोजून लक्षात ठेवा. आमच्याकडे एकदा भाताच्या आधणात एक गेला होता.