कुणाला तरी ठाऊक होतं म्हणे

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील येऊन पडलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आत्ता घरी आलेय, कुकर लावलाय, लिहून टाकते. लांब होईल.

रील अहमदाबादच्या विमानाचं. १२ जून २०२५ चं. विमानात २४२ माणसं होती, त्यातली २४१ गेली. ज्या मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर ते कोसळलं तिथली आणि आसपासची १९ माणसं वेगळी. पोरं दुपारचं जेवत होती. विमानातला एकच जण वाचला, ११ ए सीटवरचा. तर रीलमधला तो खर्जातला आवाज विचारतो, "हा वाचलाच कसा? हा खरंच विमानात होता का?" मागे ढम ढम संगीत, फोटोवर लाल बाण, लाल गोल. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: "त्यांना आधीच माहीत होतं. तुम्ही कधी जागे होणार?"

खाली आमच्या वर्गातल्या सहा-सात जणांचे अंगठे. "विचार करण्यासारखं आहे." "काहीतरी शिजतंय नक्की."

अरे, त्या माणसाचा सख्खा भाऊ त्याच विमानात होता. तो गेला. दवाखान्यातून सुटला तो थेट भावाच्या शवपेटीला खांदा द्यायला गेला. त्या माणसाला तुम्ही विचारताय, तू वाचलास कसा? तो स्वतः रोज रात्री स्वतःला हेच विचारत असेल. त्यात तुमची भर कशाला?

रील टाकणाऱ्याचं नाव घेत नाही. तो इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहे आणि हे वाचणार आहे. पण राग एवढ्यासाठी जास्त आला की तो आमच्या गावचा आहे. बाहेरच्या कुणी टाकलं असतं तर मी पुढे सरकले असते.

मी कुठली ते तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. किल्लारीजवळच्या सास्तूरच्या बाजूचं आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३, भूकंपाची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपतीचं विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन गाढ झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी अकरा वर्षांची होते. आमच्या वडिलांची माळवद, म्हणजे मातीच्या धाब्याचं घर, बांधायची ऐपत नव्हती म्हणून आम्ही पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि म्हणून मी आज हे लिहितेय. आत्याचं घर गावातलं चांगलं घर. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, वर लाकडाचे खण आणि त्यावर हातभर माती. आत्याची म्हैस व्यायला झाली होती म्हणून ती तेवढी उठून गोठ्याकडे गेली होती. तिची दोन लेकरं आणि मामा आत होते.

त्या दिवसाचं मी कधी लिहीत नाही, आजही लिहिणार नाही. पुढचं लिहिते.

महिनाभरानं असेल. आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. शहरातून कपड्यांचा ट्रक आला होता, त्याच्याबरोबर एक शिकलेला माणूस होता. वाईट नव्हता तो, हे आजही म्हणेन. लेकरांना बिस्किटं वाटत होता. आत्याजवळ बसला, तिचं ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हा भूकंप नव्हता. जमिनीखाली स्फोट केलाय. वरच्यांना सगळं माहीत होतं."

आत्या महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती. ती एकदम त्याच्याकडं बघायला लागली.

"म्हंजी कुणाला तर ठावं होतं?"

"होतं तर."

"मग मला का सांगितलं न्हाई? मी लेकरं अंगणात निजविली असती की."

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. संध्याकाळी ट्रक गेला. तो माणूस पुण्याचा होता की मुंबईचा, कुणालाच माहीत नाही. घरी जाऊन जेवला असेल, झोपला असेल. तो प्रश्न मात्र आमच्या घरात ठेवून गेला, पुढची कितीतरी वर्षं.

कारण आत्या त्यानंतर "कुणाला ठावं होतं" ते शोधायला लागली. तलाठ्याला विचारायची. मोजणीला आलेल्या माणसाला विचारायची. कॅमेरा घेऊन आलेल्या पत्रकाराचा हात धरून विचारायची, "बाबा, तुला ठावं होतं का रं?" एकदा कुणालाही न सांगता एस.टी.त बसून कचेरीत गेली आणि दिवसभर बाहेर बसून राहिली, कारण "वरचे" तिथं बसतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. वडील जाऊन घेऊन आले. दुसऱ्या बायका रडल्या, आजारी पडल्या, हळूहळू कामाला लागल्या. आत्या रडायचीच थांबली. लेकरं मेली यापेक्षा लेकरं वाचवता आली असती आणि कुणीतरी ते मुद्दाम केलं नाही, हे तिला सुटेना. आधी तिच्यावर दरड कोसळली होती. आता तिला एक वैरी दिला होता, ज्याला तोंडच नव्हतं.

म्हणून मला "त्यांना आधीच माहीत होतं" हे वाक्य ऐकवत नाही. तुम्हाला ती चर्चा वाटते. रात्री जेवण झाल्यावर डोक्याला खुराक. अरे, पण मेलेल्यांच्या घरात तेच वाक्य कसं पोचतं, याचा एकदा तरी विचार करा.

आता कुणीतरी खाली लिहीलच, म्हणून आधीच लिहिते. हो, सरकारं लपवतात. कंपन्या लपवतात. भोपाळमध्ये भिंतीपलीकडच्या टाकीत काय भरून ठेवलंय ते वस्तीतल्या लोकांना माहीत नव्हतं. मान्य. पण त्याच भोपाळची पुढची गोष्ट सांगा की. डिसेंबर १९८४ नंतर घातपाताची कहाणी कुणी लावून धरली? युनियन कार्बाइडनं, म्हणजे कारखाना ज्यांचा त्या कंपनीनंच. एका नाराज कामगारानं मुद्दाम टाकीत पाणी सोडलं म्हणे. म्हणजे बंद पडलेल्या सुरक्षा यंत्रणा, वाचवलेला खर्च, सगळं बाजूला, आणि दोष कुठल्या तरी एका पोराचा. कारस्थानाची गोष्ट सांगणारा दर वेळी गरिबाच्याच बाजूचा असतो असं समजू नका.

आणि आमच्याकडंही तेच झालं. जमीन काही अचानक हलली नव्हती. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या आसपास जमीन गुरगुरत होती. ऑक्टोबरमध्ये चांगला धक्का बसला होता, लोक घाबरून काही रात्री बाहेर झोपले होते. मग थंडी पडली, सुगी आली, लोक आत गेले. हा खरा प्रश्न होता! वर्षभर धक्के बसत होते तर कुणीतरी येऊन आमची घरं का बघितली नाहीत? ही घरं धक्का सोसणार नाहीत हे आम्हाला कुणी का सांगितलं नाही? दख्खनचं पठार भक्कम, इथं मोठा भूकंप होत नाही, असं सगळेच धरून का चालले होते? ५२ गावं पार झोपली, सरकारी आकड्यानं साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, तरी हे विचारणारे थोडे. स्फोटाच्या गोष्टी मात्र पारावर रात्र रात्र चालायच्या. स्फोटाला कुणाला जबाबदार धरायचं? कुणालाच नाही. ज्यांना खरं उत्तर द्यायला लागलं असतं ते सुटले.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रेल्वे स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली तेव्हा मी मुंबईत होते. दसऱ्याचा आदला दिवस, पाऊस, जिन्यावर गर्दी. कुणीतरी "फूल गिर गया" म्हणालं ते लोकांना "पूल गिर गया" ऐकू आलं, असं वाचलेल्या एका मुलीनं सांगितलं होतं. आमच्या ऑफिसात आठवडाभर काय चर्चा? ओरडणारा कोण होता, मुद्दाम ओरडला का, कुणी पाठवला होता. पूल किती रुंद होता, एवढ्या गर्दीला तो पुरणार होता का, यावर दोन वाक्यं. नवीन पूल मग लष्करानं येऊन बांधला, चार-पाच महिन्यांत. म्हणजे बांधता येत होता.

कुकर झाला. मुलगा जेवायला बसलाय, मी इथेच आहे.

विमानाचं म्हणाल तर जुलैत प्राथमिक अहवाल आला. त्यात आहे ते एवढंच की उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंदकडे गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, बंद का केलंस; दुसरा म्हणतो, मी नाही केलं. ते स्विच कसे गेले, कशामुळे गेले, हे त्यात नाही. बस. या दोन वाक्यांवर लोकांनी केवढा मजला चढवला! कॅप्टनचं घर, त्याचं मन, त्याचं एकटं असणं, सगळं चव्हाट्यावर. पवईला राहणारा माणूस. नव्वदी ओलांडलेल्या त्याच्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, माझ्या मुलावर हा ठपका नको म्हणून. त्या विमानात आपल्या डोंबिवलीच्या, पनवेलकडच्या पोरी होत्या. त्यांच्या आयांच्या फोनवर हेच रील गेलं नसेल कशावरून?

विचारूच नका असं मी म्हणत नाही. विचारा. चौकशी कुठवर आली, पैसे कुणाला मिळाले, कुणाला नाही, विमानाची देखभाल कुणी केली, हे रोज विचारा, मी तुमच्याबरोबर आहे. पण वाचलेल्या माणसाला विचारू नका की तू मेला का नाहीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

१९९५-९६ असेल. गावाबाहेर नवीन गावठाण उठत होतं आणि पुनर्वसनाच्या कामावर एक तरुण इंजिनिअर यायचा. पंचवीस-सव्वीसचा पोरगा. आत्यानं त्यालाही गाठलं. "तुला ठावं होतं का रं?" बाकीचे तिला झटकून टाकायचे, नाही तर समजूत घालायचे. स्फोटबिफोट काही नसतं मावशी, असं म्हणून चहा घ्यायचे. या पोरानं तिच्याशी वाद घातला नाही. तिथंच मातीत बसला. दोन दगड उचलले, मध्ये ओल्या मातीचा गोळा ठेवला, वर एक जड धोंडा ठेवला आणि म्हणाला, आता हलवा. आत्यानं हलवलं. दगड दोन बाजूंना गेले, धोंडा मधोमध पडला.

ती बघत राहिली. मी तिच्या पाठीमागं उभी होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मग ती म्हणाली, "वरची माती मीच टाकलेली. दर साली, मिरगाच्या आधी. गळू नये म्हनून."

माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, आता हिला हेही घेऊन जगायचं का? त्यापेक्षा तो स्फोट बरा होता.

तो पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "सगळ्या गावानं टाकली होती, आत्या. तुमच्या सासूनं टाकली, तिच्या सासूनं टाकली. गळू नये म्हणूनच टाकली ना? तुम्ही लेकरांवर पाणी पडू नये म्हणून टाकली."

तेव्हा ती रडली. अडीच वर्षांनी. शेजारच्या बायका धावत आल्या, काय झालं काय झालं म्हणून. तो पुढेही येत राहिला, महिन्या-दोन महिन्यांनी, काम असो नसो. तिच्या नवीन घराच्या भिंतीत लोखंडी सळई कुठून कुठं जाते ते त्यानं तिला हात लावून दाखवलं. ती तरी शेवटपर्यंत अंगणातच झोपली, ते काही सुटलं नाही. पण त्या दिवसानंतर तिनं कुणाचा हात धरून विचारलं नाही.

तर मित्रा, हे तुझ्यासाठी. मी सकाळी तुला ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलले. शब्द जास्त गेले, ते माझं चुकलं. दुपारी फोन केला तेव्हा तू म्हणालास, "काही नाही गं, आलं म्हणून पुढं टाकलं." मला तेव्हा आणखी राग आला होता. आलं म्हणून टाकलं! आता लिहिता लिहिता आठवतंय की तुझे आजोबा आणि तुझी लहान बहीण त्याच पहाटे गेली. चौथीत होती, बोरं खायला आमच्याकडं यायची. तूही तेव्हा अकराच वर्षांचा. त्या ट्रकवाल्यासारखं तुलाही कुणी काही सांगितलं होतं का, आणि ते तू कधी कुणाला बोलला नाहीस का, हे मी तुला इतक्या वर्षांत विचारलंच नाही. रविवारी घरी ये. बोलू.

पण रील आधी काढ. तू म्हणालास आणखी तीन ग्रुपवर टाकलंय, तिथूनही काढ. त्यांना खाली लिही की हे खोटं आहे आणि मी टाकायला नको होतं. एवढंच लिही, जास्त नको. मी जागी आहे, काढलंस की कळव.